घराजवळचा दवाखाना

पेशंट बरा झाला की निघून जातो, पण त्याने बाकावर बसून सांगितलेलं दवाखान्यातच राहतं. नंबराची वाट पाहणारा माणूस गप्प बसत नाही, आणि आमच्या खानदेशातला तर नाहीच. आता मी धुळ्याला राहतो. संध्याकाळी आम्ही चार-पाच रिटायर झालेले लोक जमतो, आणि कोणीतरी म्हणतंच, "डॉक्टर, ते फौजेवाल्यांचं सांगा ना." मी एकाचं सांगायला घेतो, तर त्याच्यामागे दुसरा उभा असतो.

माझा दवाखाना एरंडोल तालुक्यात, जळगावच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात होता. जिल्हा लोकल बोर्डाचा दवाखाना. औषधं द्यायची खोली, पट्टीची खोली, पुढे पडवी, पडवीत लांब बाक आणि अंगणात कडुनिंब. मी डॉक्टर आणि वामनराव कंपाउंडर, एवढाच आमचा स्टाफ. मी तिथे रुजू झालो तेव्हा चौदा सालची मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. आसपासच्या गावांतली बरीच माणसं मेसोपोटेमियातून, म्हणजे बसरा-बगदादकडून, परत आली होती. कोणी पूर्ण परत आलं होतं, कोणी थोडं तिकडेच ठेवून आलं होतं.

तेव्हाचा नियम असा, की फौजेत लागलेल्या दुखण्यावर फौजेच्याच इस्पितळात उपचार व्हायचे. आम्हांला जवळचं म्हणजे नाशिकजवळचं देवळाली. आम्ही पट्टी बांधायची आणि पुढे पाठवायचं. औषध, ऑपरेशन काही करायचं नाही.

* * *

या नियमाने पहिल्यांदा माझ्यासमोर आणला तो दौलतभाऊ. कापसाचा चांगला शेतकरी, चाळिशीच्या आतला. त्याच्या पाठीत, खांद्याच्या हाडाखाली, तोफगोळ्याचा एक तुकडा राहून गेला होता. एरवी त्याचं त्याला काही वाटत नसे. उन्हाळा आला की मात्र तिथे गळू धरायचं, ताप चढायचा, आणि हात वर उचलेनासा व्हायचा.

मी त्याला नियमाप्रमाणे देवळालीला पाठवला. गावापासून जळगावपर्यंत बैलगाडी, मग आगगाडी, मग पुन्हा टांगा. तिथे गेल्यावर कळलं, की त्याच्या पलटणीचे कागद पुण्याला आहेत आणि ते आल्याशिवाय दाखल करून घेता येत नाही. तो तसाच परत फिरला. वाटेत डब्याच्या दाराशी उभा असताना गळू फुटलं. सदरा पाठीला चिकटला. शेजारच्या बाईने आपल्या लुगड्याचा पदर फाडून त्याला दिला.

गाडीतून उतरला तो थेट माझ्याकडे आला. मी जखम धुऊ लागलो.  धुणं संपल्यावर अहिराणीत म्हणाला, "बसरा दूर व्हतं डॉक्टर, पन तठे जावाले सरकारनी बोट तरी दिन्ही व्हती."

* * *

दौलतभाऊचे हे हाल गावोगाव कळले, आणि मग एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. फौजेतली माणसं दवाखान्यात येईनात असं नाही. यायची, पण आपण फौजेत होतो हेच सांगेनात! साधा पेशंट म्हणून आलं की औषध मिळतं, शिपाई म्हणून आलं की देवळाली. एवढं त्यांना बरोबर समजलं होतं.

एक जण मांडीची जुनी जखम घेऊन आला. आत गेल्याची खूण पुढून लहान, बाहेर पडल्याची मागून मोठी. मी विचारलं, "हे कशाने झालं?"

"बैलनी शिंग मारं व्हतं," तो म्हणाला.

वामनराव शेजारी औषध घोटत होते. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, "तुमच्या गावचे बैल बंदूक चालवतात वाटतं."

तो माणूस हसला. मग त्याचं हसणं थांबलं, आणि तो उठून जायला लागला. त्याला वाटलं, पकडले गेलो, आता देवळाली. मी त्याला हाताला धरून परत बसवला. त्याने जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवणं मला भाग आहे, असं मी ठरवलं आणि जखम साफ केली.

पण त्या दिवशी घरी गेल्यावर मी बायकोला हे सांगितलं. चांगल्या कामासाठी अंगावर जखम घेतली असं ज्याला सगळ्या फौजेने सांगितलं, त्याने ती लपवण्यासाठी बैलावर आळ घ्यायचा. बायको म्हणाली, "अहो, मग नियमच बदलून घ्या ना." जणू काही मी कलेक्टर होतो.

* * *

नियम बदलला तो आबांमुळे. आबा आमच्या भागातून बोर्डावर निवडून गेलेले सभासद. केळी, कापूस, मोठं खटलं, आणि कोणाचं ऐकून न घेणारा स्वभाव. त्यांच्या घरातलं कोणी फौजेत गेलेलं नव्हतं.

आबांना पाठीवर काळपुळी झाली. कापावी लागली. रोज पट्टी बदलायला ते दवाखान्यात यायचे. दौलतभाऊही त्याच दिवसांत पट्टीला यायचा. आत जागा कमी, म्हणून मी दोघांनाही पडवीत बाकावर उघड्या पाठीने शेजारी शेजारी बसवायचो.

काही दिवसांत आबांची पाठ भरून आली. दौलतभाऊची भरेना. आबांनी मला विचारलं, की याला काय वेगळं औषध देता? मी म्हटलं, "याला औषध देतच नाही. नियम नाही. नुसती पट्टी बांधतो." आणि त्यांना सगळं सांगितलं.

आबा सदरा घालता घालता थांबले. दौलतभाऊच्या पाठीकडे बघत राहिले. मग निघून गेले. बोर्डाच्या पुढच्या मीटिंगला त्यांनी ठराव मांडला: फौजेतून परत आलेल्या माणसाला त्याच्या घराजवळच्या दवाखान्यात उपचार मिळावेत, खर्च सरकारने द्यावा.

मला साक्षीला बोलावलं होतं, म्हणून मी तिथे होतो. विरोध झाला तो एका तरुण वकील सभासदाकडून. खादी घालणारा, तुरुंगात जाऊन आलेला, सरळ माणूस. तो उठून म्हणाला, की माझा भाऊ आज तुरुंगात आहे, त्याला ताप आला तर कोणी विचारत नाही. ही माणसं ज्या इंग्रजांसाठी लढायला गेली त्यांनीच यांचं पाहावं. आपल्या दवाखान्यावर हा भार कशाला? त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता. त्याला खरंच दुःख होतं. 

आबा उठले. त्यांना भाषण करता येत नसे. म्हणाले, "वकीलसाहेब, दौलतच्या पाठीतलं लोखंड परदेशातलं आहे, कबूल. पाठ आपल्या तालुक्यातली आहे."

आणि बसले.

ठराव पास झाला. वकिलानेही हात वर केला. एवढंच नाही, तर मुंबईला कायदे करणाऱ्या कौन्सिलपुढे पाठवायचा इंग्रजी मसुदा त्यानेच लिहून दिला. बाहेर पडताना मला म्हणाला, "डॉक्टर, माझ्या भावाला ताप आला, तर त्यालाही तुम्ही बघाल ना?" मी म्हटलं, "आणा." भाऊ सुटून आल्यावर खरोखरच घेऊन आला. त्याची छाती कायमची बिघडली होती. तो दौलतभाऊच्या शेजारीच बसायचा.

* * *

पुढे मुंबईत चर्चा झाल्या, कागद गेले-आले, आणि शेवटी कायदा झाला. गावोगाव दवंडी पिटवली. मी पट्टीचं लिंट, जखमेचं टिंक्चर आणि कार्बोलिक मागवून ठेवलं. वामनरावांनी बाकाला रंग दिला.

आणि कोणीही आलं नाही!

मला काही कळेना. शेवटी दौलतभाऊनेच सांगितलं, की लोकांना वाटतंय दुसरी लढाई लागणार आहे. दवाखान्यात नाव सांगितलं की अंग तपासतील, आणि धडधाकट निघाला की पुन्हा बोटीत बसवतील.

पहिली आली ती एक बाई. काशीअक्का. नवऱ्याचं नाव श्रावण. ती एकटीच आली आणि पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली. बाकीचे पेशंट जाईपर्यंत थांबली. मग विचारलं, "कायदामा हातपायच शेतस का, का डोकं बी शे?"

मी तिला आत बसवलं. श्रावणचे हातपाय शाबूत होते. तो परत आला तेव्हा सगळ्या गावाने नशीबवान म्हणून त्याला ओवाळलं होतं. पण तो खाटेवर झोपत नसे. घरात धान्याच्या कणग्यांच्या मागे बसून असायचा. लग्नात कोणी फटाका वाजवला की गव्हाणीखाली शिरायचा आणि बैलांच्या पायांमध्ये पडून राहायचा. गाव म्हणायचं, बाहेरचं लागलं. काशीअक्काने सगळे उपाय करून पाहिले होते. तिचं म्हणणं एकच होतं, की जाताना हा असा नव्हता.

मी कायदा पुन्हा वाचला. त्यात शरीराच्या कोणत्याच भागाचं नाव नव्हतं. मी तिला म्हटलं, "अक्का, कायद्यात माणूस लिहिलाय. डोकं त्याच्याबरोबर येतं."

ती बाजाराच्या दिवशी त्याला झाकलेल्या गाडीतून घेऊन आली. तो गाडीतून उतरेना. मीच गाडीत चढून बसलो. मग दर बाजाराला तसंच. मी त्याला झोपेचं औषध द्यायचो, आणि बाजरी कशी आहे, गिरणा नदीला पाणी किती आहे, असलं काहीतरी बोलायचो. तो माझ्याकडे बघायचा नाही. माझ्याकडे त्याच्यासाठी दुसरं औषध नव्हतं. त्या काळी कोणाकडेच नव्हतं.

एके दिवशी मी असाच बोलत असताना त्याने मध्येच विचारलं, "डॉक्टर, तुम्ही तठे व्हतात का?"

मी म्हटलं, "नाही."

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग बरं शे."

तो पूर्ण बरा कधीच झाला नाही. पण पुढे अंगणात खाट टाकून झोपू लागला. दिवाळीत काशीअक्का त्याला घेऊन रानातल्या पद्मालयाच्या गणपतीला जायची, आणि फटाके संपेपर्यंत दोघं तिथेच राहायची. काही वर्षांनी तिने मला सांगितलं, की आता जावं लागत नाही. त्यांच्या गल्लीत कोणी फटाके लावत नाही. कोणी ठरवलं ते तिला माहीत नव्हतं.

* * *

काशीअक्का आली म्हटल्यावर बाकीचे येऊ लागले. धुळ्याकडून, चोपड्याकडून सुद्धा. त्यांच्यात सातपुड्याच्या पायथ्याचा एक भिल्ल होता, जतऱ्या. त्याला एका कानाने ऐकू येत नसे, आणि त्या कानातून सतत पू यायचा. तो फौजेत खेचरं हाकायचा.

इथे पुन्हा अडलं. कायद्यात 'शिपाई' असा शब्द होता. खेचरवाला शिपाई धरायचा की नाही? मी आबांना विचारलं, आबांनी वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो, वर विचारावं लागेल. तोवर त्याचं काय करायचं?

मी जतऱ्याला समजावून सांगितलं, की तू लढणाऱ्यांत मोडतोस की नाही हे विचारायला पाठवलं आहे. त्याने बरा कान माझ्याकडे केला आणि नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, तोफना गोळा पडना तवय त्यानी ईचारं नही, तू शिपाई शे का खेचरवाला."

आबांनी हे वाक्य पुढच्या मीटिंगमध्ये जसंच्या तसं सांगितलं. वकिलाने त्याचं इंग्रजी केलं. मुंबईला ते कसं पोचलं कोण जाणे, पण दुरुस्ती झाली. फौजेबरोबर गेलेला प्रत्येक माणूस त्यात बसला, मग तो खेचरवाला असो, स्वयंपाकी असो की जखमी वाहणारा डोलीवाला.

दुरुस्ती आली तेव्हा जतऱ्याचा कान सुकून गेला होता. वामनरावांनी त्याला केव्हाच साधा पेशंट करून टाकलं होतं. आजाराचं कारण म्हणून लिहिलं होतं, 'खेचराची लाथ.'

* * *

आता सुभेदार सखारामांचं सांगतो आणि थांबतो.

सुभेदार म्हणजे फौजेतला मोठा हुद्दा. हिंदुस्थानी माणसाला तेव्हा त्याच्यावर फारसं चढता येत नसे. सखाराम तिथवर चढले होते. ते आमच्या शेजारच्या गावचे. महारवाड्यात त्यांचं घर होतं. त्यांना दम्याचा जुना विकार होता, आणि ते दरवर्षी देवळालीला जाऊन काही दिवस राहून येत. सगळ्या तालुक्यात देवळालीबद्दल तक्रार नसलेला हा एकच माणूस होता.

नवा कायदा आल्यावर त्यांचं देवळालीला जाणं बंद झालं. तिथून सांगण्यात आलं, की आता तुमच्या घराजवळ सोय आहे, तिकडे जा. म्हणून ते माझ्याकडे आले. इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं, हातात काठी. येऊन कडुनिंबाखाली उभे राहिले.

मी बाहेर जाऊन त्यांना आत बोलावलं. दवाखाना सर्वांना सारखा खुला आहे, असा बोर्डाचा हुकूम होता. ते माझ्यामागून पडवीच्या पायरीपर्यंत आले. बाकावरची माणसं धोतरं सावरून उठली. एक बाई तापलेलं मूल खांद्यावर घेऊन, औषध न घेताच बाहेर निघाली.

सुभेदारांनी तिला पाहिलं आणि ते तिथूनच मागे फिरले. मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आधी त्या लेकराला औषध द्या." मग थोडं थांबून म्हणाले, "देवळालीला मी वॉर्डात खाटेवर असायचो. या कायद्याने मला घराजवळ आणलं. घराजवळच तर मी बाहेर आहे."

मी त्यांची छाती कडुनिंबाखाली तपासली. पुढच्या खेपेलाही तिथेच. ते आत यायला तयार होईनात, कारण ते आले की दुसरं कोणीतरी उठून जाणार, आणि बहुतेक ती एखादी बाई किंवा मूल असणार. आबांना मी हे सांगितलं. आबांनी बोर्डाचा हुकूम काढून माझ्यासमोर ठेवला. त्यात आणखी लिहायचं काही उरलं नव्हतं.

अशातच राजाराम नाना पाटील आले. ते आमच्याच गावच्या पोलीस पाटलाचे धाकटे भाऊ. लढाईत साधे शिपाई होते. संधिवाताने त्यांचे दोन्ही गुडघे सुजून नारळाएवढे झाले होते. त्यांची बैलगाडी अंगणात शिरली तशी बाकावरच्या लोकांनी सरकून मधली जागा मोकळी केली.

गाडीवानाने त्यांना धरून खाली उतरवलं. दोन पावलं टाकली असतील, तेवढ्यात त्यांची नजर कडुनिंबाखाली गेली. ते थांबले. छातीवरची पदकं त्यांनी पाहिली. काठी गाडीवानाच्या हातात दिली, टाचा जुळवल्या, आणि सुभेदारांना सॅल्यूट केला.

सुभेदारांचा हात आपोआप वर गेला.

नानांनी विचारलं, की साहेब बाहेर का उभे आहेत? सुभेदार म्हणाले, "आत जागा नाही."

नानांनी पडवीकडे पाहिलं. त्यांच्यासाठी मोकळी केलेली जागा तशीच रिकामी होती. काठी न घेता, भिंतीला धरून ते पायऱ्या चढले आणि त्या जागेसमोर जाऊन उभे राहिले. लोक म्हणाले, "नाना, बसा." नाना बसले नाहीत. मी म्हटलं, "नाना, गुडघ्यांवर भार देऊ नका, बसून घ्या." तरी नाहीत. हात सरळ मांड्यांशी लावून उभे. त्यांचे पाय थरथरत होते, ते सगळ्यांना दिसत होतं. त्यांचा थोरला भाऊ गावचा पोलीस पाटील असल्यामुळे कोणाला काही बोलताही येईना आणि उठून जाताही येईना.

मग नाना अंगणाकडे तोंड करून म्हणाले, "सुभेदारसाहेब, आत यीसन बठा. तुम्ही बठाशिवाय माले बठता येत नही, आन मना गुडघा दुखी ऱ्हायनात."

सुभेदार पायऱ्या चढून आले आणि बाकावर बसले. नाना त्यांच्या शेजारी बसले. बाकावरून कोणी उठलं नाही. मी वामनरावांना पुढचा पेशंट पाठवायला सांगितलं.